निवृत्तीनंतर कायमचं शिडाच्या बोटीवर राहायचंय? बोट कमी जाणणाऱ्याच्या मापाने घ्या

तुमचा प्रश्न बराच लांब आहे, म्हणून त्यातला गाभा आधी मांडते. तुम्ही ६४ वर्षांचे, पत्नी ६१ च्या. न्यू जर्सीतलं घर विकून ४६ फुटी शिडाची बोट घ्यायची, उन्हाळा चेसापीकच्या उपसागरात आणि हिवाळा बहामात काढायचा, आणि जमलं तर पुढेमागे तीच बोट गोव्याला न्यायची. पाहून ठेवलेली बोट १९ वर्षं जुनी, डोलकाठी पाण्यापासून ६६ फूट उंच, ड्राफ्ट (बोट पाण्याखाली किती खोल जाते ते माप) साडेसहा फूट. तुम्ही मित्रांबरोबर शनिवार-रविवार बोट चालवली आहे. पत्नीला बोट लागते आणि पोहता येत नाही, पण त्या "तयार आहेत". तुम्ही विचारलंय, ही बोट घ्यावी का आणि महिन्याला किती खर्च येईल.

मी निवृत्त फार्मासिस्ट. निवृत्तीनंतर मी आणि माझा नवरा अमेरिकेच्या याच पूर्व किनाऱ्यावर, ३७ फुटी बोटीवर बारा महिने राहतो. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते: ही बोट घेऊ नका. बोट वाईट असेल असं नाही, ती तुमच्या बेताला बसत नाही. का, ते पुढे येईलच. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. आणि तुम्ही न विचारलेला एक तिसरा प्रश्न आहे, मला तोच सगळ्यात मोठा वाटतो.

बोटीवर दोनच माणसं असली की बहुतेक वेळा कामाला एकच माणूस असतं. रात्रीच्या पहाऱ्याला एक जागा, दुसरा झोपलेला. एकाची पाठ धरली, हाताचं बोट चिमटलं, ताप चढला, की उरलेलं माणूस एकटं. म्हणून बोट घ्यायला निघालेल्या कुठल्याही जोडप्याला मी एकच विचारते: तुम्हा दोघांत जे कमी जाणतं, ते माणूस एकटं ही बोट थांबवू शकतं का? शिडं उतरवून, इंजिन सुरू करून, नांगर टाकून, रेडिओच्या १६ नंबर (मदत मागायच्या) चॅनेलवर आपण कुठे आहोत ते सांगू शकतं का? याचं उत्तर "हो" येईल तेवढीच मोठी बोट घ्यावी. तुमच्या बाबतीत ते माणूस म्हणजे तुमची पत्नी. प्रश्न तुम्ही लिहिलात, पण माझं निम्मं उत्तर त्यांच्यासाठी आहे, त्यांनाही वाचायला द्या.

आता आकाराचं गणित. ३७ फुटावरून ४६ फुटावर गेलं की लांबी पाव पटीनेच वाढते, पण वजन सात-आठ टनांवरून बारा-तेरा टनांवर जातं. शिडावरचा, दोरांवरचा, नांगरावरचा ताण त्याच प्रमाणात वाढतो. आमची बोट आडव्या वाऱ्यात धक्क्याकडे सरकायला लागली तर नेटाने ढकलून थोडं सावरता येतं. तेरा टनांची बोट हाताने थांबवायला जाल तर हात मोडेल. यावर विक्रेते म्हणतील, सगळं विजेवर आहे, बटण दाबा. विजेचं विंच (दोर ओढणारी फिरकी), विजेचं नांगरयंत्र, पुढचा थ्रस्टर (बोटीचं टोक बाजूला ढकलणारा पंखा), सगळं उत्तम चालतं, पण नेमकं अडचणीच्या दिवशी बंद पडायची त्यांची खोड जुनी आहे. मग हाताने करायचं. १० मिलिमीटरची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते, म्हणजे ३० मीटर साखळीच जवळपास ७० किलो, वर वीस-पंचवीस किलोचा नांगर. पाण्याखाली त्यातली थोडीच लटकते हे खरं, पण वारा वाढतोय, मागची बोट जवळ येतेय आणि गुडघे पासष्टीचे आहेत, अशा वेळी हे काम काय असतं ते केल्यावरच कळतं. साठीनंतर सुरुवात करणाऱ्या दोघांसाठी ३५ ते ३९ फूट पुरे, असं माझं मत. आमच्यासारख्या बऱ्याच जणांचा अनुभवही तोच. मोठ्या बोटीवर आनंदाने राहणारी जोडपीही मी पाहिली आहेत, पण त्यातली बहुतेक तीस वर्षं शिडं हाताळत आलेली.

तुमच्या बोटीची खरी अडचण डोलकाठीची आहे. नॉरफोकपासून (व्हर्जिनिया) खाली मायामीपर्यंत इंट्राकोस्टल वॉटरवे नावाचा आतला जलमार्ग आहे, साधारण १,०९० मैलांचा. नद्या, खाड्या आणि कालवे जोडून केलेला. हिवाळ्यात दक्षिणेला जाणारी निवृत्त मंडळी त्याच मार्गाने जातात, कारण समुद्र खवळलेला असला तरी आतून पुढे सरकता येतं. या मार्गावरच्या पक्क्या पुलांची उंची भरतीच्या पाण्यापासून ६५ फूट धरलेली आहे, काही पूल त्याहूनही थोडे कमी भरतात, आणि मायामीजवळचा एक तर ५६ फुटांचाच आहे. तुमची डोलकाठी ६६ फूट, वर रेडिओची अँटेना. ओहोटीला पुलाखालून जाऊ म्हणाल तर साडेसहा फुटांचा तळ आडवा येतो. जॉर्जियात भरती-ओहोटीचा फरक सात-आठ फुटांचा असतो आणि गाळ दरवर्षी जागा बदलतो, ओहोटीला तिथे चांगल्या चांगल्या बोटी रुततात. म्हणजे या बोटीने प्रत्येक वेळी बाहेरच्या समुद्रातून, नॉर्थ कॅरोलायनाच्या केप हॅटरस या खवळत्या टोकाला वळसा घालून जावं लागेल. अनुभवी लोक हे करतात. पण ज्यांना बोट लागते त्यांना पहिल्याच वर्षी तिथे न्यायचं नाही. मायामीजवळचा तो एक पूल सोडून बाकी मार्गासाठी डोलकाठी अँटेनासकट ६३ फुटांच्या आत आणि ड्राफ्ट पाच फुटांच्या आसपास असू दे. बहामाच्या उथळ, पांढऱ्या वाळूच्या पाण्यातही तुम्हाला त्याचा उपयोग होईल.

आता पत्नींकडे वळते. पहिली गोष्ट, त्यांना तुम्ही शिकवू नका. नवऱ्याकडून गाडी शिकलेल्या बायकांना विचारा. एएसए (अमेरिकन सेलिंग असोसिएशन) या संस्थेचा १०१, मग १०३ आणि १०४ असे कोर्स आहेत, चेसापीकमध्ये ते शिकवणाऱ्या शाळा भरपूर आहेत आणि फक्त बायकांसाठीच्या तुकड्याही मिळतात. मी तसंच शिकले. नवरा किनाऱ्यावर होता, त्यामुळे चुकले तर चुकले, कुणी हातातून दोर ओढून घेत नव्हतं. नंतर दोघांनी मिळून १०४ करा.

दुसरी गोष्ट, कामांची वाटणी उलटी करा. बहुतेक बोटींवर नवरा सुकाणूवर आणि बायको पुढे नांगर ओढताना किंवा धक्क्यावर उडी मारताना दिसते. सुकाणूला ताकद लागत नाही, नजर लागते. ताकदीचं काम ज्याच्यात जास्त ताकद त्याने करावं. आमच्याकडे धक्क्याला लागताना आणि नांगर टाकताना चाक माझ्या हातात असतं. दोघांच्या कानाला बिनतारी हेडसेट लावा, स्वस्त असतात आणि आरडाओरड टळते. शेजारच्या बोटींची करमणूकही.

पोहता येत नाही ही फार मोठी अडचण नाही. अट एकच, पाण्यात पडायचंच नाही. लाईफ जॅकेट आणि बोटीला अडकवायचा सुरक्षा-पट्टा डेकवर कायम बांधलेला, रात्री तर सक्तीने. पडलेल्या माणसाला शोधण्यापेक्षा वर घेणं जास्त अवघड असतं. ओल्या कपड्यातलं ऐंशी किलोचं माणूस तीन-चार फूट वर उचलायला बाईचे काय, पुरुषाचेही दंड पुरत नाहीत. शिडाचा दोर विंचवर घेऊन त्याने उचलायचं असतं. उन्हाळ्यात नांगरलेल्या बोटीवर हे करून पाहा. तुम्ही पाण्यात उतरा, त्यांना एकट्यांनी तुम्हाला वर घेऊ द्या. जमलं नाही तर वेगळी कप्पी किंवा शिडी लागेल, ते बोट घेण्याआधीच कळेल. तोवर त्यांनी वायएमसीएच्या तलावात तरंगायला शिकून घ्यावं, एवढं पुरे.

बोट लागण्याबद्दल फार्मासिस्ट म्हणून सांगते. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी बऱ्याच जणांना लागू पडते, पण काचबिंदूचा विशिष्ट प्रकार असेल किंवा पुरुषांना प्रोस्टेटचा त्रास असेल तर ती धोक्याची. साठीनंतर काहींना तिने गोंधळल्यासारखं होतं, तोंडाला कोरड पडते, नजर धूसर होते. मेक्लिझिनने झोप येते. डॉक्टरांना बाकीची औषधं दाखवून विचारा आणि कुठलंही औषध आधी घरी, दिवाणखान्यात घेऊन पाहा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा, बोटीवर रोज कुठे ना कुठे आपटतंच. दोन-तीन दिवसांनी बहुतेकांचं शरीर सरावतं. ज्यांचं सरावत नाही त्यांच्यासाठी दिवसाढवळ्या, आतल्या पाण्यातून, चार-पाच तासांचे टप्पे ठेवायचे. वॉटरवेवर तसं वर्षानुवर्षं फिरता येतं.

वर्षाचं वेळापत्रक तुम्ही ठरवत नाही, वादळं आणि विमा कंपनी ठरवतात. अटलांटिकमध्ये वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, भर सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. बहुतेक पॉलिसींमध्ये त्या काळात बोट एका ठरावीक अक्षांशाच्या उत्तरेला असली पाहिजे अशी अट असते. ती रेषा प्रत्येक कंपनीची वेगळी, आपल्या पॉलिसीत शोधून चार्टवर आखून ठेवा. म्हणून सगळे ऑक्टोबरात अ‍ॅनापोलिसच्या आसपास जमतात, नोव्हेंबरात दक्षिणेला निघतात, फ्लोरिडात थांबून हवामानाची वाट पाहतात आणि डिसेंबर-जानेवारीत बहामात उतरतात. मायामी ते बिमिनी (बहामाचं सगळ्यात जवळचं बेट) अंतर जेमतेम ४५-५० सागरी मैल, पहाटे निघालं तर दुपारी पोचतो. पण मध्ये गल्फ स्ट्रीम आहे, तासाला तीन सागरी मैलांच्या आसपास उत्तरेला वाहणारा प्रवाह. वाऱ्यात उत्तरेचा अंश असला की तो प्रवाहाच्या तोंडावर येतो आणि लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. उत्तरेचा वारा असेल तर ओलांडायचं नाही, मग फ्लोरिडात दोन आठवडे बसावं लागलं तरी चालेल. नातवंडांना विमानाची तिकिटं काढून देताना हे लक्षात ठेवा: पाहुण्यांना तारीख सांगा किंवा जागा सांगा, दोन्ही सांगू नका. तारखेच्या दडपणाखाली निघालेल्या बोटीच मार खातात.

बहामात पोचल्यावरही हिवाळ्यात आठवड्या-दीड आठवड्याला उत्तरेकडून थंड हवेची लाट येते. वारा आग्नेयेकडून दक्षिण, मग पश्चिम, मग वायव्य, उत्तर असा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. एक्झुमा बेटांच्या रांगेत नांगरायच्या चांगल्या जागा पश्चिम बाजूला आहेत, म्हणजे वारा पश्चिमेला फिरला की त्या उघड्या पडतात. मग सगळी मंडळी आदल्या दिवशी आडोशाच्या चार जागांकडे धावतात. तिथे उशिरा पोचणाऱ्याला जागा नसते. हे सगळं दोघांना वाचता यायला हवं, फक्त "कॅप्टन"ला नाही.

गोव्याचं म्हणाल तर, नौदलाच्या दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती 'म्हादेई' गोव्यातच बांधलेली, आणि ते वाचून अनेकांना हुरूप येतो. मलाही येतो. पण त्यामागे प्रशिक्षण होतं आणि नौदल होतं. अटलांटिक, भूमध्य, मग तांबडा समुद्र आणि अरबी समुद्र असा मार्ग निवृत्त नवशिक्या जोडप्याला मी सांगणार नाही. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर जे हल्ले झाले ते तुम्ही वाचले असतीलच. आणि तिथे पोचल्यावर पावसाळ्याचे चार महिने बोट ठेवायची कुठे? कोचीला मरीना आहे, कोकणात अशा सोयी फारच कमी. त्यापेक्षा आम्ही करतो ते करा. वादळांचा हंगाम भरात येतो तेव्हाच गणपती असतात. बोट चेसापीकच्या यार्डात जमिनीवर काढून पट्ट्यांनी बांधायची आणि विमानाने रत्नागिरीला जायचं. कोकण भेटतं, मोदक मिळतात, विमा कंपनीही खूश.

पैशाचं. महिन्याचा आकडा मी सांगणार नाही, कारण नांगरावर राहणारं आणि मरीनात राहणारं जोडपं यांच्या खर्चात सहज दुपटीचा फरक पडतो. बोटीच्या देखभालीला वर्षाला किमतीच्या दहा टक्के हा जुना ठोकताळा धरा. जुनी बोट स्वस्तात मिळाली तर तो नवीन बोटीच्या किमतीवर मोजा, कारण सुटे भाग स्वस्त होत नाहीत. १९ वर्षांच्या बोटीत डोलकाठीला धरणाऱ्या स्टीलच्या तारा मूळच्याच असतील तर बदलाव्या लागतील. विमा कंपन्या बहुधा १०-१५ वर्षांनी ते मागतात. बोट तपासणारा सर्व्हेअर तुम्ही निवडा, दलालाने सुचवलेला नको. बोट पाण्याबाहेर काढून पाहायला लावा आणि इंजिनासाठी वेगळा मेकॅनिक आणा. सगळ्यात महत्त्वाचं, सौदा पक्का करण्याआधी विमा मिळतोय का ते विचारा. २०१७ च्या वादळांनंतर कंपन्या हात आखडून आहेत. मोठी बोट, जुनी बोट आणि अनुभव कमी, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की नकार येतो, नाहीतर पहिल्या वर्षी पगारी कॅप्टन ठेवायची अट येते. तुमच्या ४६ फुटीचं बहुधा तेच होईल.

आरोग्य विम्याकडे तुम्ही पाहिलेलंच दिसत नाही. तुम्हाला पुढच्या वर्षी मेडिकेअर (६५ नंतरचा सरकारी आरोग्य विमा) मिळेल, पत्नीला अजून चार वर्षं नाही. त्यांची पॉलिसी कुठल्या राज्यात, कुठल्या काउंटीत घर आहे यावर ठरते, आणि घर विकलंत तर पत्ता कुठला? बोटीवर राहणारे बरेच जण फ्लोरिडाचा पत्ता घेतात. तिथे राज्याचा आयकर नाही आणि टपाल स्वीकारून पुढे पाठवणाऱ्या सेवा आहेत, पण बँका आणि विमा कंपन्या असा पत्ता प्रत्येक कामाला चालवून घेत नाहीत. मेडिकेअर घेताना मूळ मेडिकेअर आणि मेडिगॅप (त्याला जोडून घ्यायची खासगी पूरक पॉलिसी) अशी जोडी पाहा. अ‍ॅडव्हान्टेज योजनांचं (मेडिकेअर खासगी कंपनीमार्फत) डॉक्टरांचं जाळं बहुतेक एकाच भागापुरतं असतं आणि तुम्ही तर फिरते. देशाबाहेर मेडिकेअर जवळजवळ काहीच देत नाही. मेडिगॅपच्या काही योजना परदेशातल्या तातडीच्या उपचारांना ८० टक्के देतात, पण २५० डॉलर आधी तुमचे आणि आयुष्यभराची मर्यादा ५०,००० डॉलर. बहामातल्या छोट्या बेटावरून विमानाने हलवायचं झालं तर ते कसं पुरणार? त्यासाठीचा विमा वेगळा घ्या. आणि हृदयाचे, डोळ्यांचे, दातांचे डॉक्टर एकाच शहरात ठेवा, वर्षातून दोनदा बोट त्या शहरापासून जात असेल असं पाहून.

घर आत्ताच विकू नका. विक्रीआधीच्या ५ वर्षांपैकी किमान २ वर्षं त्यात राहिलेले असाल तर एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्याला विक्रीच्या नफ्यातल्या ५ लाख डॉलरपर्यंत संघीय कर लागत नाही. म्हणजे आज घराबाहेर पडलात तरी जवळपास तीन वर्षं ही सवलत हातात असते. तोवर घर भाड्याने द्या. भाड्याच्या काळातल्या घसाऱ्यावर कर लागतो, तो सीपीएला (कर-हिशेबनिसाला) विचारा. तीन वर्षांत कळतं. काहींना सहा महिन्यांतच कळतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

रोजच्या जगण्याबद्दल थोडंच लिहिते, कारण ते जमतंच. प्रेशर कुकर न्या. गॅस, पाणी आणि केबिनमधली वाफ तिन्ही वाचतात, आणि बोट कलली तरी झाकण पक्कं राहतं. आमच्या नांगरवाडीतल्या गोऱ्या शेजारणींनी आमचं पाहून कुकर घेतलेत. तूरडाळ, गोडा मसाला, आमसुलं फ्लोरिडा सोडण्याआधी भरून घ्या, एक्झुमात काही मिळणार नाही, आणि जे मिळतं ते महाग. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो. सिलिंडरचा कप्पा बाहेर निचरा होणारा हवा आणि शेगडीजवळ बंद करायचं बटण हवं. फ्रिज, दिवे, लॅपटॉप मिळून दिवसाला १२ व्होल्टवर १०० ते १५० अँपिअर-तास धरा, म्हणजे ४०० वॉटचे सौर पॅनेल कमीत कमी. पाणी दोघांना दिवसाला पंचवीस-तीस लिटरात भागतं, सवय झाल्यावर.

एक गोष्ट मात्र बोट पाहताना नक्की तपासा: डिंगीत, म्हणजे किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीत, चढ-उतार कशी करायची. डिंगी ही बोटवाल्यांची स्कूटर, दिवसातून दोन-चारदा लागतेच. मागे पाण्यालगत पायरी असलेली बोट असेल तर सत्तरीतही उतरता येतं. उंच, सरळ मागच्या बाजूवरून लटकत्या शिडीने उतरायचं असेल तर पत्नी दुसऱ्या आठवड्यापासून किनाऱ्यावर जाणंच टाळतील, आणि मग बोट ही कोठडी होते.

तेव्हा येत्या वसंतात दोघांनी वेगवेगळे कोर्स करा. मग चेसापीकमध्येच ३६-३८ फुटी बोट दोन आठवडे भाड्याने घ्या, पहिले दोन दिवस कॅप्टनसह, पुढे फक्त दोघं, आणि त्यातले तीन दिवस सगळे निर्णय पत्नींनी घ्यायचे, तुम्ही हाताखाली. पाऊस पडला तर उत्तमच. त्यानंतर बोटींच्या जाहिराती पाठवा, डोलकाठीची उंची अँटेनासकट, ड्राफ्ट आणि तारा कधी बदलल्या ते वर्ष लिहून. आणि प्रश्न या वेळी त्यांना लिहू द्या.